पफर मासा फुगतो तेव्हा तो खेळत नसतो



यंदा दशलक्षण पर्वाच्या आधी पंधरा दिवस मी पुण्याला मुलाकडे गेले होते. नातवाचा नववा वाढदिवस होता. मुलाच्या एका मित्राने भेट म्हणून काचेची छोटी टाकी आणली, दहा लिटरची, आणि तिच्यात तीन इवले मासे. पी पफर. वाटाण्यापेक्षा थोडे मोठे, पिवळट हिरवे, अंगावर काळे ठिपके. डोळे अंगाच्या मानाने मोठे, आणि एक डोळा इकडे बघतो तर दुसरा तिकडे. केक कापून झाल्यावर सगळी मुले टाकीभोवती जमली. पाहुण्यांनी छोट्या जाळीने एका माशाला कोपऱ्यात रेटले आणि तो टम्म फुगला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला आणि त्याखाली लाल बदामांची रांग लागली.

त्या टाळ्यांची मला आता लाज वाटते, म्हणून हा लेख लिहिते आहे. कोणाला राग आला तरी चालेल, पण स्पष्टच लिहिते. पफर मासा जैन घरात आणायचा नाही. आणि कोणी आणून ठेवलाच असेल, तर त्याची भीती आणि त्याची भूक ओळखायला शिकायचे. आपण अहिंसक आहोत म्हणून त्याला उपाशी मारायचे नाही, आणि सुटका केली असे म्हणून नदीतही सोडायचे नाही.

आधी फुगण्याचे सांगते. या माशाला इतर माशांसारखे खवले नसतात, बरगड्या नसतात, आणि पोहण्याचा वेगही बेताचाच. मोठा मासा गिळायला आला तर याला पळून जाता येत नाही. म्हणून तो भराभर पाणी गिळून पोट फुगवतो, म्हणजे शत्रूच्या तोंडात मावू नये. हा त्याचा शेवटचा उपाय. त्यात त्याची खूप शक्ती जाते. पाण्याबाहेर काढले तर तो पाण्याऐवजी हवा गिळतो, आणि ती हवा बाहेर टाकता आली नाही तर उलटा तरंगत राहतो, मरूही शकतो. क्वचित कधी काही कारण दिसत नसतानाही फुगतो म्हणतात, ते वेगळे. पण काचेवर टकटक केल्यावर, जाळीने रेटल्यावर जो फुगतो, तो भीतीनेच.

आपण पाठशाळेत चार संज्ञा शिकलो. आहार, भय, मैथुन, परिग्रह. संसारी जीवाला, अगदी एकेंद्रियालाही, त्या असतात असे आपण मुलांकडून घोकून घेतो. आणि भयसंज्ञा डोळ्यांसमोर फुग्यासारखी फुगून उभी राहिली, तर आपण टाळ्या वाजवतो! हिंसा कृत, कारित आणि अनुमोदना अशी तिन्ही वाटांनी होते. जाळी मी धरली नव्हती, मी कोणाला सांगितलेही नव्हते. पण टाळ्या म्हणजे अनुमोदना नाही तर दुसरे काय?

मला हे सगळे कोणी शिकवले? मुलाच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कॉलेजच्या मुलाने. तो कित्येक वर्षे मासे पाळतो. जैन नाही. पण त्या माशांची भाषा आमच्या घरात फक्त त्यालाच कळली, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही.

तो येईपर्यंत आम्ही जे जे बघत होतो, त्याचा उलटाच अर्थ लावत होतो. एक मासा सारखा काचेला लागून वर-खाली, वर-खाली करायचा. आम्ही म्हणायचो, किती चपळ आहे, नाचतोय. तो मुलगा म्हणाला, "आजी, हा नाचत नाहीये. त्याला इथून बाहेर पडायचंय." जागा अपुरी, लपायला झाडपाला नाही, काचेत स्वतःचीच सावली दिसते आणि तो दुसरा नर समजून घाबरतो किंवा भांडायला जातो. शिवाय पाणी बिघडले तरीही असेच करतो. एका पी पफरला निदान वीस लिटर पाणी आणि भरपूर वनस्पती लागतात, कारण हा आकाराने वाटाण्याएवढा असला तरी स्वभावाने भांडखोर. आम्ही दहा लिटरमध्ये तीन कोंडले होते.

दुसऱ्याचा रंग काळपट पडला होता. पोटाचा पांढरेपणा जाऊन राखाडी झाला होता. आम्हाला वाटले, मोठा होतोय म्हणून रंग बदलतोय. तो ताण होता. तिसरा शेपूट एका बाजूला दुमडून तळाशी बसून राहायचा. आम्ही म्हणायचो, शांत आहे बिचारा. आता यात एक बारकावा आहे, तो नीट लक्षात घ्या. पफर रात्री तळाशी टेकून झोपतो, दिवसाही थोडा विसावतो, शेपूट दुमडतो. ते काळजीचे नाही. पण विसावलेल्या माशाचे डोळे फिरत असतात, आणि खाणे दिसताच तो उठतो. जो खाण्याकडेही वळत नाही, ज्याचे पोट आत गेले आहे, ज्याच्या कल्ल्यांची उघडझाप भरभर चालली आहे किंवा जो पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड मारतो आहे, तो आजारी आहे किंवा त्याच्या पाण्यात विष झाले आहे. मांडीवर बाळ किरकिरले तर दात येताहेत की पोट दुखते आहे, हे आपल्याला रडण्यावरून कळते. मासा रडत नाही, म्हणून त्याला काही होत नाही असे आपण धरून चालतो.

आता खाण्याचा प्रश्न. इथे माझ्या पुष्कळ मैत्रिणी माझ्यावर चिडणार आहेत.

दुकानदाराने टाकीबरोबर कोरड्या खाद्याचा एक डबा दिला होता. पातळ, रंगीत पापुद्रे. पफर ते तोंडात घ्यायचे आणि थुंकून टाकायचे. मी नेटवर वाचले, आणि त्या मुलानेही तेच सांगितले: पी पफर मांसाहारी असतो. गोगलगायी, अळ्या, छोटे किडे हेच त्याचे अन्न. त्याचे चार दात जुळून पक्ष्याच्या चोचीसारखे झालेले असतात, ते शंख फोडण्यासाठीच. ते दात आयुष्यभर वाढत राहतात. समुद्रातल्या याच्या मोठ्या भावंडांना आपल्या कोकणात केंड म्हणतात. ते त्याच दातांनी जाळी कुरतडतात, म्हणून मच्छीमार त्यांच्यावर वैतागलेले असतात. अशा जीवाला पापुद्रे घालणे म्हणजे वाघापुढे वरणभात वाढणे.

सूनबाई म्हणाल्या, "आई, आपल्या घरात गोगलगायी आणून एका जीवाला दुसरा जीव खायला घालायचा? ते काही होणार नाही. भूक लागली की खाईल पापुद्रे." तिचे चुकले असे मी तेव्हा म्हणाले नाही. मलाही तेच योग्य वाटले होते. नातू रोज डबा घेऊन बसायचा, आणि मासे रोज बारीक होत होते.

मग एक दिवस सवयीने मी तो डबा उलटा करून वाचला. आपण बिस्किटाचा पुडा घेतला तरी अंडे आहे का, जिलेटिन आहे का, कांदा-लसूण आहे का, सगळे वाचतो. या डब्यावर पहिलाच घटक लिहिला होता फिश मील. पुढे श्रिंप मील. म्हणजे वाळवलेल्या माशांची आणि कोळंबीची पूड! गोगलगाय नको म्हणून ज्या घराने माशाला उपाशी ठेवले, त्याच घरात देवघरापासून दहा पावलांवर माशांच्या पुडीचा डबा उघडा होता. तुमच्याकडे गोल्डफिश असेल, गप्पी असतील, तर आज डबा उलटून बघा. बहुतेक तयार खाद्यांत हेच असते. डोळ्यांना दिसत नाही ती हिंसा नव्हेच, असा जर आपला हिशेब असेल, तर मग आपण जमिनीखालचा कांदा तरी का सोडतो?

दशलक्षणात आमच्या मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो. तोवर मी सांगलीला परतले होते. सातव्या दिवशी सातवा अध्याय. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात. पहिला बंध, म्हणजे जीवाला कोंडून, बांधून ठेवणे. शेवटचा अन्नपाननिरोध, म्हणजे त्याचे खाणेपिणे तोडणे. इतकी वर्षे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर गोठ्यातली गाय आणि पिंजऱ्यातला पोपट यायचा. त्या दिवशी टाकी आली. आणि तो दिवस उत्तम तपाचा. माझा उपवास होता. मी स्वतःच्या इच्छेने उपाशी होते, माझ्या पुण्याईसाठी. पुण्याला तीन जीव माझ्या घराण्याच्या पुण्याईसाठी उपाशी होते, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. दुसऱ्याला घडवलेल्या उपवासाला तप म्हणत नाहीत. आपल्या देशाचा 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदासुद्धा जवळच्या प्राण्याला पुरेसे अन्न न देणे हा गुन्हा मानतो, आणि त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही जीव. कायद्याला जे कळते ते श्राविकेला कळू नये?

पर्व संपल्यावर मी पुन्हा पुण्याला गेले. मनाशी ठरवले होते की या माशांचे काहीतरी करायचे. आणि पहिले काम मी काय केले? टाकी घासली. रविवारी सकाळी मासे भांड्यात काढले, खडे मीठ लावून चोळले, फिल्टरचा स्पंज गरम पाण्यात पिळून पिळून अगदी पांढरा केला, आणि नळाचे ताजे पाणी भरून दिले. टाकी आरशासारखी लखलखत होती. संध्याकाळी तिन्ही मासे काळे पडले, कल्ले धापा टाकल्यासारखे हलू लागले. सोमवारी रात्री शेपूट दुमडून बसणारा तो मासा गेला.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला पहिल्यांदा बोलावले. त्याने नळीत टाकीचे पाणी घेऊन दोन औषधांचे थेंब टाकले. पाणी पिवळे राहायला हवे होते, ते हिरवे झाले. अमोनिया. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांवर सूक्ष्म जिवाणू वाढतात, ते अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन शून्य असायला हवीत. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढे होईपर्यंत खरे तर मासे टाकीत सोडायचेच नसतात. जे थोडेफार जमले होते, ते मी गरम पाण्याने आणि नळाच्या क्लोरीनने मारून टाकले. स्पंज धुवायचा तर टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा असतो, आणि पाणी एकदम न बदलता थोडे थोडे, क्लोरीन घालवून.

मैत्रिणींनो, हे ऐकताना मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्या विहिरीचे पाणी दुहेरी कापडातून गाळायच्या, आणि कापडावर राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत अलगद परत सोडायच्या. दुसऱ्या विहिरीत नाही, मोरीत नाही, त्याच विहिरीत. कारण ते न दिसणारे जीव त्याच पाण्यात जगणार. हे मला पन्नास वर्षे माहीत आहे. तरी काचेच्या टाकीपुढे उभी राहिल्यावर मला ते आठवले नाही, तिथे मला फक्त घाण दिसली. मी जाणूनबुजून मारले नाही. पण आपल्याकडे प्रमादाने झालेली हिंसा हिंसाच असते. मी त्याची आलोचना केली आहे, आणि इथे सगळ्यांसमोर पुन्हा करते.

मासा गेल्याचे कळल्यावर ग्रुपवर जे आले, त्याचे उत्तर देणे भाग आहे.

एकीने लिहिले, "वाईट वाटून घेऊ नका, घरावरचे संकट त्या माशाने स्वतःवर घेतले." ईशान्येला टाकी ठेवा, मासा मेला की समजा बला टळली, असे वास्तूच्या नावाखाली आपल्याही घरांत सर्रास बोलले जाते. अहो, ज्याचे कर्म त्यालाच भोगावे लागते, बापाचे मुलाला घेता येत नाही, हे ज्या धर्माचे मूळ, त्या धर्माच्या बायकांनी माशाला आपले संकट घ्यायला लावायचे? तो संकट घेऊन गेला नाही. तो माझ्या अज्ञानाने गेला.

दुसरीने लिहिले, "उरलेले दोन नदीत सोडा, जीवदया होईल." ही जीवदया नाही. पी पफर हा केरळातल्या आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांचा रहिवासी. शास्त्रज्ञांनी 1941 मध्ये त्याची नोंद केली ती केरळातल्या पंबा नदीवरून, आणि नाव त्रावणकोरवरून ठेवले. त्याला पुण्याच्या मुठेत किंवा आमच्या कृष्णेत सोडले, तर तो एकतर उपाशी मरेल, नाहीतर दुसऱ्याच्या तोंडी जाईल. आणि जगलाच तर दुकानातून आणलेले रोग तिथल्या माशांना देईल. नातीला परक्या गावच्या स्टँडवर सोडून "मोकळी केली" म्हणण्यासारखे आहे ते.

तिसरीचा प्रश्न खरा होता. "म्हणजे तुम्ही गोगलगायी मारायला सांगता?"

नाही. मी बी.कॉम. आहे, खाते कसे मांडायचे ते मला कळते. गोगलगाय, अळी द्वींद्रिय, मासा पंचेंद्रिय, म्हणून वजाबाकी करून पुण्य शिल्लक निघते, असे मी म्हणत नाही. दोन्ही नोंदी नावेच पडतात. म्हणूनच हे खातेच उघडायचे नाही. हिंसक प्राणी पाळू नयेत असे आपल्या श्रावकाचारांत सांगितले आहे, ते याच कारणासाठी. मासा घरात आला की दोनच रस्ते उरतात: त्याला जीव खायला घाला, नाहीतर त्याला मारा. तिसरा रस्ता खरेदीच्या आधी होता. आणि दया येऊन दुकानातून मासा विकत घेतला तरी सुटका होत नाही. पफर काही ठिकाणी टाकीत वाढवतात, पण पुष्कळ अजून नदीतून धरले जातात. दुकानातली जागा रिकामी झाली की ती भरायला कुठेतरी पुन्हा जाळे पडते. जगभरच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या लाल यादीत हा मासा असुरक्षित म्हणून नोंदलेला आहे, आणि त्याच्या कारणांत नद्यांची नासाडी जशी आहे, तशी आपली हौसही आहे.

उरलेले दोन मासे त्या मुलाने नेले. त्याच्याकडे झाडपाल्याने भरलेली मोठी, जुनी टाकी आहे. तो त्यांना काय खायला घालतो ते मला माहीत आहे, आणि त्यातला कारित-अनुमोदनेचा वाटा माझ्या नावे आहे हेही माहीत आहे. तो मी नाकारत नाही. सूनबाईंनाही मी तेच सांगितले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी खाद्याचा डबा तिनेच उचलून त्या मुलाला देऊन टाकला.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. वाढदिवसाला जिवंत भेट देऊ नका, आणि आमंत्रण देतानाच "जिवंत भेट आणू नये" असे कळवा. घरात पफर असेलच, तर आज त्याच्यासमोर दहा मिनिटे बसा, काचेला हात न लावता. रंग बघा, पोट बघा, कल्ले बघा. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावा. पाणी तपासून घ्या. टाकी घासू नका. आणि जो ते नीट पाळू शकेल असा माणूस शोधा, मग तो कोणत्याही जातीचा असो. मुलांना सांगा की तो फुगतो तेव्हा घाबरलेला असतो.

नातवाने माझ्यादेखत तो वाढदिवसाचा व्हिडिओ मोबाइलमधून काढून टाकला. मी सांगितले नव्हते. नातेवाइकांच्या ग्रुपवर तो अजून आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी पुढे पाठवू नका, एवढी विनंती.

जय जिनेंद्र.